'कूपर, टाना': मॉरिशसला गेलेल्या एका आगरी माणसाचं गाव शोधताना

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून माणसांची नावं आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मॉरिशसमधल्या वाक्वा इथलं हे मराठी कुटुंब. भाद्रपदात घरी गणपती बसतो, लग्नाआधी गोंधळ घातला जातो, पण घरातलं बोलणं तिथल्या क्रिओल भाषेत. मराठी उरली आहे ती आरत्यांपुरती आणि आजीकडून आलेल्या दहा-पंधरा शब्दांपुरती. घरातले थोरले ८४ वर्षांचे. त्यांचे पणजोबा मुंबई बंदरातून जहाजात बसून आले आणि तिकडे असताना मीठ पिकवायचे, एवढंच घरात ठाऊक होतं. थोरल्यांना ते गाव डोळ्यांनी बघायचं होतं. पत्रव्यवहार त्यांची मुलगी करत होती.

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर नेणं १८३४ मध्ये सुरू झालं. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांहून जास्त माणसं भारतातून तिथे गेली. त्यांतली बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईतून गेलेली त्या मानाने थोडी आणि त्यांत कोकणी मुलखाचा भरणा मोठा. साखरेला आपल्याकडे जुनी माणसं 'मोरस' म्हणत, तो शब्द याच बेटाच्या नावावरून आला. 'मोरसला गेला' असं एखाद्या पूर्वजाबद्दल घरात बोललं जात असेल, तर ती थाप समजून सोडून देऊ नये.

या मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि वंशजांना तिथून उतारा मिळतो. उताऱ्यात साधारणपणे स्थलांतरिताचा क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, जात, जहाज, उतरल्याची तारीख, मळा, आणि मुलखाचे तीन रकाने असतात: जिल्हा, परगणा, गाव. सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी त्रोटक आहेत. १८६० च्या दशकापासून फोटोही मिळू लागतात.

कुटुंबाकडे असा एक उतारा होता. नाव रामजी, बाप पांडू, वय २२, जात 'ऑग्री', जिल्हा 'टाना', परगण्याच्या जागी आडवी रेघ, गाव 'कूपर'. साल १८५० च्या दशकातलं.

अडचण

हा उतारा हाती येताच कुटुंबाच्या ठाण्यातल्या एका परिचिताने एका संध्याकाळीत उत्तर दिलं: 'टाना' म्हणजे ठाणे, 'कूपर' म्हणजे कोपरी, म्हणजे ठाणे पूर्व. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. मुलगी येऊन गेली, कोपरीत फोटो काढले, परत जाऊन वंशवृक्ष छापला. चाळीस प्रती नातेवाइकांत वाटल्या गेल्या आणि काही घरांत फ्रेम होऊन भिंतीवरही लागल्या.

थोरल्यांचं समाधान मात्र झालं नाही. कोपरीत भेटलेल्या कुणालाच मोरसचं काही ऐकून माहीत नव्हतं. दुसरं म्हणजे परिचिताने मधल्या काळात फेसबुकवर 'रामजी' आडनावाची माणसं शोधून काढली होती, आणि त्यांतलं कुणी आगरी नव्हतं. तेव्हा हे काम ठाण्यातल्या दोघा अभ्यासकांकडे आलं. त्यांतला एक मोडी वाचणारा.

आडनावाचा घोटाळा पहिल्याच बैठकीत सुटला. मॉरिशसमध्ये मजुराचं स्वतःचं नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. तिथले रामजी, भिकाजी, गोविंदा हे इथे कुणाचे तरी म्हात्रे, घरत, ठाकूर, भोईर असणार. म्हणजे इकडे 'रामजी' आडनाव शोधण्यात काहीच हशील नव्हतं आणि खरं आडनाव तर उताऱ्यात नव्हतंच. हातात शब्द होते दोन, 'कूपर' आणि 'टाना', आणि दोन्ही कानाने ऐकून परक्या लिपीत उतरवलेले.

'टाना' म्हणजे कुठलं ठाणं

पहिला निर्णय नकाशाचा होता. रकान्यात जिल्ह्याचं नाव आहे, शहराचं नाही. आणि जिल्हा धरायचा तो नोंदीच्या वर्षीचा, आजचा नाही. १८५० च्या दशकातला ठाणे जिल्हा आजच्या ठाणे जिल्ह्याच्या दुपटीहूनही मोठा होता. आजचा सगळा पालघर जिल्हा त्यात येई (तो वेगळा झाला २०१४ मध्ये). शिवाय पनवेल आणि उरण त्यात होते, ते १८८३ मध्ये कुलाब्याला जोडले गेले. कर्जत त्यानंतर काही वर्षांनी गेलं. कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. म्हणजे 'टाना' लिहिलेला माणूस आज रायगडच्या सातबाऱ्यावर सापडू शकतो, आणि नवी मुंबईच्या बाबतीत ही चूक हमखास होते, कारण हे शहरच दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे.

जातीच्या रकान्याचा इथे उपयोग झाला. 'ऑग्री' म्हणजे आगरी. मुंबईतून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक बरेच, पण आगरी वस्ती मुख्यतः ठाणे-कुलाब्याच्या खाडीपट्ट्यात. म्हणजे कारकुनाने मुंबईजवळचा सगळाच मुलूख सरसकट 'टाना' लिहून टाकला असेल ही शंका बरीचशी मिटली. मिठाची आठवणही जुळत होती, आगर म्हणजेच मिठागर. मात्र ती आठवण या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला लागू पडते, तिच्यावर गाव ठरत नाही.

'कूपर' ची यादी

दुसरं काम कानाचं. कारकून काय ऐकत होता आणि त्याच्या लिपीत काय मावत होतं, याचा विचार अक्षरागणिक करावा लागतो. ठ चा ट होतो, घ चा ग, ख चा क, ण चा न. ळ चा ल किंवा र होतो. शेवटचा स्वर पुष्कळदा गळतो. ओ आणि ऊ यांची अदलाबदल होते. लांब नावाचा मागचा भाग कधी लिहिलाच जात नाही. अशा बदलांतून 'कूपर' होऊ शकेल अशी जुन्या ठाणे जिल्ह्यातली गावं काढली:

कोपरी (ठाणे पूर्व)
कोपरी (वाशीजवळची)
कोपरखैरणे
कोपरा (खारघर)
कोपर (डोंबिवलीजवळचं)
कोपर (पनवेल तालुका)
कोप्रोली (उरण तालुका)

वसई-विरारकडेही याच धाटणीची नावं आहेत, ती दुसऱ्या यादीत ठेवली. एका शब्दाला सात गावं, आणि सातही आगऱ्यांच्या टापूत. परिचिताने यातलं पहिलं उचललं होतं, कारण ते त्याच्या घराजवळ होतं.

विचारात घेतलेले पर्याय

सातही गावांत जाऊन विचारणं हा सगळ्यांना सुचणारा पर्याय. तो लगेच बाजूला ठेवला. आधी नाव सांगून मग 'असं कुणी होतं का' विचारलं की सात गावांत सात 'हो' मिळतात. पांडू आणि रामजी ही नावं त्या काळात दर चार घरांआड असायची.

महसुली दप्तर हा दुसरा. पनवेल, ठाणे, उरण कुठलंही घेतलं तरी अडचण एकच: माणूस गेला १८५० च्या दशकात, आणि हक्कनोंदणी व फेरफार सुरू झाले ते १९१० च्या दशकापासून. मधली साठ वर्षं कोरी. त्याआधीच्या पाहणी-आकारणीच्या कागदांत खातेदाराचं नाव येतं. त्याच्या धाकट्या भावाचं येत नाही, मिठागरावरच्या मजुराचं तर नाहीच. गाव ठरल्यावर हे दप्तर उपयोगी, गाव ठरवायला नाही.

मुंबईला काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. परदेशी मजूर पाठवण्याबद्दलचा सरकारी पत्रव्यवहार तिथे बघता येतो, पण पत्रव्यवहारात धोरण असतं, जहाजं असतात, पांडूचा रामजी क्वचितच. तो पर्याय शेवटचा म्हणून ठेवला.

डीएनए चाचणीचा आग्रह मॉरिशसकडून होता. थोरले रामजीचे थेट पुरुषवंशातले, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी त्यांना चालण्यासारखी. अडचण अशी की जुळवायला समोर नमुना हवा, आणि या किनाऱ्यावरच्या आगरी घरांतले नमुने अशा जागतिक संचांत जवळजवळ नाहीत. दुसरं, वाय जुळलं तरी सिद्ध होते ती भाऊकी. रामजीचा सख्खा भाऊ कोण, हे त्यातून कळत नाही. आणि सगळ्या गुणसूत्रांची साधी चाचणी घ्यावी, तर पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं होत आलेल्या समाजात दूरची माणसंही आहेत त्यापेक्षा जवळची दिसतात. तरी थोरल्यांचं वय बघता नमुना आत्ताच घेऊन ठेवावा असं ठरलं. तो घेतला.

उरला तो पर्याय सगळ्यांत कंटाळवाणा: मूळ नोंदवहीकडे परत जाणं. तोच निवडला.

शेजारच्या ओळी

उतारा म्हणजे एका ओळीची नक्कल, आणि ती ओळ ज्या पानावर आहे ते पान उताऱ्यात येत नाही. मजूर मात्र एकटे निघत नसत. मुकादम गावोगाव फिरून टोळी जमवायचा, टोळी एकाच जहाजात चढायची आणि उतरल्यावर ओळीने क्रमांक मिळायचे. म्हणून मुलीला सांगितलं की रामजीच्या आधीचे वीस आणि नंतरचे वीस क्रमांक बघून त्यांचे जिल्हा, परगणा, गाव आणि जात हे रकाने जसे दिसतात तसे उतरवून पाठवा. अक्षर लागलं नाही तर अंदाज लिहू नका, जागा मोकळी सोडा. हे दोनदा सांगावं लागलं. पहिल्या खेपेला तिने गावांची नावं इंटरनेटवर शोधून 'दुरुस्त' करून पाठवली होती, आणि दुरुस्त केलेलं नाव निरुपयोगी असतं.

एकूण ४१ ओळी. त्यांत 'टाना' लिहिलेल्या नऊ. दोन ओळींत गावाची जागा फाटलेली. राहिलेल्या सातांत 'कूपर' दोनदा, एक रामजी आणि दुसरा त्याच्याच वयाचा कुणी. मग 'ऊलवा', 'तुरगुर', 'वागोली'. आणखी दोन नावं लागली नाहीत.

मोठ्याने वाचलं की उलगडतं. उलवे, तरघर, वाघिवली. ही तिन्ही पनवेल तालुक्यातली, उलवे नदी आणि पनवेलच्या खाडीच्या आसपासची, आणि कोपर त्यांच्या शेजारचं. यादीतल्या बाकी सहा गावांसाठी हाच घोळका जुळवून बघितला. कोपरखैरण्याभोवती घणसोली, तळवली, बोनकोडे; डोंबिवलीच्या कोपरभोवती तिसरीच नावं. कुठेही दोनसुद्धा जुळली नाहीत. पनवेलच्या कोपरला तीन जुळत होती. गाव ठरलं. कामाला लागलेल्या एकूण वेळातला जेमतेम पाचवा हिस्सा यात गेला, आणि हे आधी केलं असतं तर कोपरीची फेरी आणि छपाई दोन्ही वाचली असती.

त्याच वहीतून आणि मॉरिशसच्या नागरी नोंदींतून रामजीचं पुढचं आयुष्यही हाती आलं. महिना पाच रुपये आणि शिध्यावर एका मळ्यात पहिला करार. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला रिवाज. परतीचं फुकट तिकीट नुकतंच बंद झालेलं, त्यामुळे स्वखर्चाने परतण्याइतके पैसे साठले तरच परतणं. १८६७ च्या हिवतापाच्या साथीत पहिली बायको गेली. त्याच सालच्या कामगार कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटोचा परवाना जवळ बाळगणं सक्तीचं झालं, त्यामुळे रामजीचा फोटो राहिला. दुसऱ्या लग्नाची मुलं आधी आईच्या नावावर दिसतात आणि घरात ते गुपित असल्यासारखं बोललं जायचं. कारण साधं होतं: देवाधर्माने लावलेलं लग्न तिथल्या कायद्यात धरलं जात नसे. १८८० च्या दशकात मोठे मळे तुकड्यांनी विकायला निघाले, तेव्हा त्याने एक तुकडा घेतला. मिठागरावरचा मजूर जमीनमालक झाला, तोही मोरसच्या मातीत.

गावात जाताना झालेली चूक

कोपर आता जागेवर नाही. नवी मुंबई विमानतळासाठी ज्या दहा वस्त्या उठवल्या त्यांत कोपर आहे. उलवे, तरघर, वाघिवली हीसुद्धा त्यांतलीच. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, आणि लोक वडघर, करंजाडे, पुष्पकनगर या बाजूंना गेले. म्हणजे चौकशी करायची ती नव्या वसाहतींत.

दोघे अभ्यासक कोपरच्या जुन्या फेरफारांच्या नकला आणि वंशवृक्षाचा कच्चा कागद घेऊन गेले. एका घरात ओटीवर बसवलं, पाणी दिलं. अभ्यासकाने कागद पसरले आणि म्हणाला, "पांडूच्या वारसांबद्दल माहिती हवी होती."

'वारस' हा शब्द आणि समोर फेरफाराची नक्कल. घरातल्या मोठ्या मुलाने कागद हातातही घेतला नाही.

"साडेबावीस टक्क्यांत वाटा काढायला आलात काय? आमच्या वकिलाशी बोला."

या भागात १९७० पासून, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको आल्यापासून, जमिनीचा कागद आणि अनोळखी माणूस ही जोडी चांगली बातमी आणत नाही. १९८४ च्या जानेवारीतल्या आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले, विमानतळाच्या वेळी विकसित भूखंडाचा आकडा साडेबावीसवर गेला, आणि प्रत्येक टप्प्यावर 'मीही वारस' म्हणत दूरचे भाऊ उभे राहिले. मॉरिशसचा पणतू त्या मुलाला त्याच रांगेतला दिसला, आणि त्याच्या जागी कुणालाही दिसला असता. दुसऱ्या दिवसापर्यंत चार वसाहतींत निरोप पोचला. दोन घरांनी फोन उचलणं बंद केलं.

कामाला त्यामुळे साडेतीन महिन्यांचा खंड पडला. पुढचा धागा म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या, यजमान घराण्यांच्या नोंदींच्या चोपड्या, आणि तिथेही गावच्या लोकांवाचून चालत नाही. चोपडीत नोंद शोधायची तर जात, मूळ गाव आणि आडनाव लागतं, आणि कोणत्या घराण्याकडे कुठलं गाव आहे हेही. आडनाव अभ्यासकांकडे नव्हतं. ते विचारायचं तर गावात, आणि गाव बोलत नव्हतं.

दुसरा प्रयत्न

मधल्या माणसाशिवाय मार्ग नव्हता. गावकीतल्या एका वृद्ध भजनीबुवांशी ठाण्याच्या एका सोयऱ्यामार्फत ओळख निघाली. या खेपेला तीन गोष्टी ठरवून केल्या. जमिनीचा एकही कागद नेला नाही. रामजीचा फोटो तेवढा नेला. आणि मॉरिशसच्या थोरल्यांनी हाताने लिहून पाठवलेली एक चिठ्ठी, मराठीत, चुकांसकट: आम्हाला जमीन नको, देव दाखवा.

(कायद्याच्या भाषेत ही चिठ्ठी म्हणजे हक्कसोड नव्हे, तसा तिचा उपयोगही करू नये. उद्या कुणी तिच्यावर अंगठा मागितला तर वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नये, हे कुटुंबाला बजावून सांगितलं.)

बुवांनी फोटो बराच वेळ बघितला आणि सुनेला हाक मारली. सून म्हणाली, नाक अमक्यांच्या घरातलं. या क्षणी सावध राहावं लागतं. फोटो दाखवला की नाक कुणाशी ना कुणाशी जुळतंच. अभ्यासकाने ते टिपून घेतलं, पण पुराव्याच्या रकान्यात नाही. त्याने उलटा प्रश्न विचारला: कोपरच्या लोकांचे त्रिंबकचे उपाध्ये कोण? बुवांनी दोन घराणी सांगितली आणि गावात जुनी म्हणून मानली जाणारी तीन आडनावंही. नावं अभ्यासकाच्या तोंडून आली नव्हती, म्हणून त्या तीन आडनावांना किंमत होती.

त्र्यंबकला दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या घराण्याच्या चोपडीत १८९० च्या दशकातली एक नोंद मिळाली, मोडीतली. मौजे कोपर, तीन आडनावांतलं एक, आणि क्रियाकर्माला आलेल्या गणूने सांगितलेली घरातली नावं. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, ओळ सलग धावते. 'पांडूरामजी' असं जे दिसत होतं ते 'पांडू बिन रामजी' (म्हणजे रामजीचा मुलगा पांडू) म्हणायचं की पांडूचे पुत्र हिरू आणि रामजी, यावर दोन तास गेले. पहिलं खरं असतं तर बाप-मुलगा उलटे झाले असते आणि सगळाच डोलारा कोसळला असता. शेवटी पुढच्या ओळीतल्या 'हिरू बिन पांडू' ने ते सुटलं: पांडूचे दोन मुलगे, हिरू आणि रामजी. हिरूच्या पुढे बायको, मुलं, नातवंडं. रामजीच्या पुढे काही नाही.

रामजीपुढची ती रिकामी जागा मॉरिशसला गेलेल्या माणसाची असू शकते. लहानपणी दगावलेल्याचीही असू शकते.

निष्पत्ती

कुटुंबाला दिलेल्या अहवालात दोन वेगळ्या ओळी आहेत. गाव: कोपर, तालुका पनवेल, पुरावा भक्कम. घर: गणूची भाऊकी, पुरावा संभाव्य. मुलीला दुसऱ्या ओळीतला 'संभाव्य' शब्द काढून हवा होता. तो काढला नाही. बापाचं नाव, गाव आणि जात जुळते, पण काळाचा अंदाज सैल आहे आणि त्या गावात दुसरा पांडू नव्हता हे सिद्ध करणारा एकही कागद नाही. भाऊकीतल्या कुणी वाय चाचणीला नमुना दिला आणि तो जुळला नाही, तर ही ओळ खोडावी लागेल. नमुना अजून कुणी दिलेला नाही, आणि मागणंही थांबवलं आहे.

थोरले चैत्रात आले. गणूच्या भाऊकीतली दोन घरं भेटली. पाहुणे म्हणून भेटली, भाऊ म्हणून नाही, आणि ते दोन्ही बाजूंना मान्य होतं. नव्या वसाहतीत आलेल्या गावदेवीला नारळ फोडला. पहिल्या भेटीतला तो मोठा मुलगाही आला होता, मागे उभा राहून.

पुन्हा हे काम आलं तर

पहिल्याच पत्रात उताऱ्याऐवजी शेजारच्या क्रमांकांची मागणी करावी. त्यातून काही निघालं नाही तरच उरलेले मार्ग.

गावाचं नाव कुटुंबाला सांगण्याआधी 'नक्की', 'संभाव्य' आणि 'नुसता अंदाज' यांतलं काय, ते लेखी द्यावं. इथे पहिल्या परिचिताने अंदाज सांगितला आणि तो छापला गेला.

प्रकल्पग्रस्त गावांत पहिल्या भेटीला महसुली कागद नेऊ नयेत आणि 'वारस' हा शब्द उच्चारू नये. 'पूर्वज', 'जुनी माणसं', 'मोरसला गेलेलं कुणी' असं विचारावं. फेरफार बघायचेच असतील तर तालुक्याच्या अभिलेख कक्षात बसून बघावेत आणि पिशवीत परत न्यावेत.

त्र्यंबकच्या चोपडीचा फोटो काढायला परवानगी मिळाली नव्हती, म्हणून नोंद हाताने उतरवली. एकाच माणसाने उतरवली, हे चुकलं. दोघांनी वेगवेगळी उतरवून मग ताडून बघितली असती तर 'पांडूरामजी' चा घोळ तिथेच लक्षात आला असता आणि दुसरी फेरी वाचली असती.

आणि नोंदवहीतल्या त्या दुसऱ्या 'कूपर' वाल्याकडे आधीच वळायला हवं होतं. तोही मॉरिशसमध्येच राहिला असेल तर त्याच्या वंशजांकडे काही कागद किंवा आठवण असू शकते. त्याचा क्रमांक कुटुंबाला दिला आहे आणि मुलगी आता त्या मागावर आहे. वाटलेले ते चाळीस वंशवृक्ष परत छापलेले नाहीत. तिने चिठ्ठ्या करून घेतल्या आणि घरोघर जाऊन त्यांवर चिकटवल्या: 'कोपरी, ठाणे पूर्व' च्या जागी 'मौजे कोपर, तालुका पनवेल, तेव्हाचा जिल्हा ठाणे'.